बुधवारचं इंग्लिश

इंग्लिशच्या मास्तरला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आपल्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागं कॅरीबॅगा साठतात ना, तसे. टाकवत नाहीत, कधीतरी कामाला येतील म्हणून कोंबत राहायचं, आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या अंगावर.

मी मूळचा मुरुडचा, लातूर जिल्ह्यातला. बायकोच्या भाषेत सांगायचं तर 'बरं चाललं होतं, पण इंग्लिश घेऊन बीए केलं.' त्या इंग्लिशनं मला उचलून नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, देगलूरला नेऊन टाकलं. तिथं एका इंग्लिश मीडियमच्या शाळेत बारा वर्षं काढली. शाळेचं नाव सांगत नाही. ज्यांना कळायचंय त्यांना बुधवारचं नाव काढलं की कळेल.

देगलूर म्हणजे असं गाव, की बाजारात गिऱ्हाईक तेलुगूत भाव विचारतं, दुकानदार कानडीत सांगतो, घासाघीस दखनीत होते आणि भांडण जुंपलं तर मराठीत. लोक चार चार भाषा घेऊन फिरतात. पण त्याला कुणी 'भाषा येणं' म्हणत नाही. भाषा येणं म्हणजे इंग्लिश येणं, आणि इंग्लिश येणं म्हणजे वर्ड-मीनिंग पाठ असणं. शब्द, डॅश, अर्थ. वापरायचं नंतर बघू.

*

आमचे बिरादार सर गणिताचे, गाव देवणी. दर एक जानेवारीला त्यांचा एकच संकल्प असायचा: रोज डिक्शनरीतले दहा शब्द, अर्थासकट. सुरुवात अर्थातच 'ए'पासून. संक्रांतीपर्यंत जोर टिकायचा. मग टेस्टचे पेपर तपासायला यायचे आणि डिक्शनरी कपाटावर जायची. पुढच्या वर्षी 'मागचं विसरलं असंल' म्हणून पुन्हा 'ए'पासून. असं नऊ वर्षं चाललं. माणूस 'ए' अक्षराचा बादशहा झाला, 'बी'त मात्र कधी पाऊल पडलं नाही.

आणि आबासाहेबांचा, म्हणजे आमच्या संस्थाचालकांचा, हुकूम होता की रजेचा अर्ज इंग्लिशमध्येच पाहिजे. एकदा सरांनी अर्ज दिला: 'माय ॲब्डोमेन इज ॲब्नॉर्मल अँड ॲक्यूट. आय ॲबँडन स्कूल अब्रप्टली. ॲप्रूव्ह.'

प्राचार्या मॅडम घाबरल्या. पोट बिघडलंय, तेही भयंकर, आणि माणूस शाळा सोडून निघालाय! त्यांनी तातडीनं ऑटो बोलावला, दोन शिक्षकांनी सरांना खांद्याला धरून बाहेर आणलं. सर बिचारे 'आवो सोडा, आवो सोडा' करून राहिले.

शेवटी ऑटोत बसल्यावर खरं कळलं. उदगीरला मेव्हण्याच्या घराची वास्तुशांती होती.

"मग तसं लिहायचं ना सर," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, हाऊसवार्मिंग 'एच'मध्ये येतं," बिरादार सर म्हणाले. "तितपर्यंत मी रिटायर होतो."

*

आता बुधवार. आबासाहेब कुठंतरी पुण्याला एक शाळा बघून आले आणि आल्या आल्या फतवा काढला: बुधवार, इंग्लिश डे. गेटच्या आत मराठीचा एक शब्द चालणार नाही. विद्यार्थी, शिक्षक, सगळे.

पहिल्या बुधवारी शाळेत जी शांतता झाली, तशी मी परीक्षेच्या हॉलमध्येही बघितली नव्हती. बाजूचा गिरणीवाला बघायला आला, म्हणाला सुट्टी हाय का. स्टाफरूममध्ये आम्ही चौदाजण एकमेकांकडं बघून हसत होतो. "गुड मॉर्निंग" झालं होतं. त्याच्या पुढं काय, हे कुणालाच सुचत नव्हतं.

पोरं हुशार. महिनाभरात त्यांना कळलं, की बुधवारी मास्तर रागावू शकत नाहीत. रागावणं ही काय इंग्लिशमध्ये करायची गोष्ट आहे? बिरादार सर वर्गात लालबुंद होऊन उभे, समोर पोरं बाकावर नाचतायत, आणि सरांच्या तोंडून फक्त "यू... यू... ॲब्नॉर्मल!" पालकही हुशार. तक्रारी घेऊन बुधवारीच यायचे. आपण बोलायचं, मास्तरनं ऐकायचं.

सुटका एकच होती, ती म्हणजे गयाबाई मावशी. मावशी आमच्या शाळेच्या शिपाई. घंटा त्यांची, चहा त्यांचा, किल्ल्या त्यांच्या कमरेला. आबासाहेबांनी फतव्यात लिहिलं होतं, 'शिपाई वर्गास इंग्लिशची गरज नाही.' म्हणजे बुधवारी अख्ख्या शाळेत मराठी बोलायची परवानगी एकट्या मावशीला.

मग काय! कुठल्या वर्गात गोंधळ झाला की मास्तर दारात येऊन खडूनं पोरगं दाखवायचा आणि मावशी आत जाऊन सुरू व्हायच्या, "काय रं, बापानं ह्यासाठी धाडलं का तुला? खाली बस. बस म्हनते ना." पालक आले की मॅडम मावशीकडं बघायच्या. बसवाल्याशी बोलायचं, टँकरवाल्याशी भांडायचं, पहिलीतलं रडणारं लेकरू उगं करायचं, सगळं मावशीच. मी एकदा हिशेब मांडला तर आठवड्यातून एक दिवस शाळा गयाबाई मावशी चालवून राहिल्या होत्या. फतव्यात मात्र त्यांना इंग्लिशची गरज नव्हती.

*

ॲडमिशनच्या वेळी आमच्याकडं पोराची नाही, पालकाची मुलाखत होते. इंग्लिशमध्ये. मध्ये आबासाहेब, डावीकडं प्राचार्या मॅडम, उजवीकडं मी.

प्रश्न आबासाहेबच विचारायचे. पाच प्रश्न, त्यांच्या डायरीत देवनागरीत लिहिलेले. एक, व्हॉट इज युवर गुड नेम. दोन, व्हॉट आर यू. तीन, व्हाय डू यू वाँट इंग्लिश मीडियम. चार, डू यू स्पीक इंग्लिश ॲट होम. पाच, व्हॉट इज युवर एम फॉर युवर चाइल्ड. विचारण्याचा रुबाब असा, की समोरचा घामाघूम.

अडचण एकच होती. प्रश्न डायरीत होते, उत्तरं नव्हती. समोरच्यानं काय सांगितलं हे आबासाहेबांना ओ की ठो कळायचं नाही.

म्हणून पहिल्याच वर्षी त्यांनी मला केबिनमध्ये घेऊन दार लावलं. "सर, तुमच्या हातात पेन असतंय. उत्तर बरोबर असलं की टोपण लावा. चुकलं की उघडं ठेवा. मी बघतो." बास. मी टोपण लावलं की आबासाहेब मान डोलावून म्हणायचे, "व्हेरी गुड, नेक्स्ट." उघडं राहिलं की डोळे मिटून, "सॉरी. स्टँडर्ड मेंटेन करावं लागतंय." पालकांमध्ये बोलवा झाली, की आबासाहेबांना इंग्लिश असं येतं, की माणसाच्या तोंडाकडं बघायचीसुद्धा गरज पडत नाही.

ही गोष्ट आम्ही दोघं सोडून कुणाला माहीत नव्हती. मॅडमनाही नाही. समोरचा पालक सोडला तर खोलीत चौथं कुणी नसायचं. म्हणजे मावशी असायच्या, चहाचा ट्रे घेऊन दारापाशी. पण मावशीला कोण धरतंय?

उत्तरं पण सगळ्यांची तीच. गावात एकानं मुलाखतीचा क्लासच काढला होता. चौथ्याचं उत्तर ठरलेलं, "यस सर, डेली, मॉर्निंग अँड इव्हनिंग," डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्यासारखं. पाचव्याचं तर विचारूच नका. "डॉक्टर, सर." लातूर-नांदेडच्या पट्ट्यात पोरगं जन्माला यायच्या आधी त्याचा क्लास ठरतो.

*

एका वर्षी चाँदभाई आले. बसस्टँडजवळ कापडाचं दुकान, आजोबांपासूनचं. मी स्वतः बघितलंय, काउंटरवर एका हातानं कापडाचा तागा उलगडत चाँदभाई बिलोलीच्या बाईशी मराठीत, पलीकडच्या मद्नूरच्या म्हाताऱ्याशी तेलुगूत आणि औरादच्या नवरीच्या मामाशी कानडीत बोलतात, आणि मधेच पोराला दखनीत शिव्या घालतात. कुणाला कुणाचं उत्तर जात नाही.

मुलाखतीत पहिले दोन प्रश्न निघाले. तिसऱ्याला चाँदभाई अडकले. कपाळाचा घाम पुसला, म्हणाले, "सर, बच्चे के वास्ते," आणि थांबले.

व्हाय डू यू वाँट इंग्लिश मीडियम? बच्चे के वास्ते. याच्याहून बरोबर उत्तर त्या खोलीत आजवर कुणी दिलं नव्हतं. पण ते इंग्लिशमध्ये नव्हतं. आबासाहेबांनी माझ्या हाताकडं बघितलं. माझी नेमणुकीची ऑर्डर दर वर्षी मे महिन्यात नवी निघायची, आणि तो महिना मेच होता. टोपण माझ्या दुसऱ्या हातात होतं. तिथंच राहिलं.

"सॉरी," आबासाहेब म्हणाले. "भाषेचा प्रॉब्लेम हाय."

चाँदभाई उठले. दारात वळून आबासाहेबांना नाही, मला विचारलं, "सर, मैं कौनसी जबान में नापास हुआ?"

त्यांच्या दुकानात मी नंतर गेलो नाही. लाज वाटली, दुसरं काय. शर्टाचं कापड नांदेडहून आणायला लागलो.

*

आमच्या शाळेत अजून एक नियम होता, आणि तो माझा होता, हे कबूल करतो. निबंध असो, भाषण असो, त्यात तीन ईडियम आलेच पाहिजेत. लाल पेनानं अंडरलाइन. तीन असले की तीन मार्क जास्त. रोज परिपाठाला एक ईडियम, अर्थ आणि वाक्यात उपयोग माइकवरून सांगितला जायचा. घंटेच्या खांबाशेजारीच माइक.

आबासाहेबांचे चुलते वारले, तात्या. नव्वदी ओलांडलेले, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले. शाळेत शोकसभा ठेवली. वार नेमका बुधवार. म्हणजे शोकसुद्धा इंग्लिशमध्ये. नववीतली आमची सगळ्यात हुशार पोरगी बोलायला उभी राहिली, हातात वही, वहीत लाल अंडरलाइन.

"अवर रिस्पेक्टेड तात्या किक्ड द बकेट ऑन मंडे. बेटर लेट दॅन नेव्हर. एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग, सो टुडे इज हाफ डे."

मराठीत सांगायचं तर, तात्या सोमवारी गचकले, उशिरा का होईना गचकले, आणि वाईटातून चांगलं म्हणजे आज शाळा लवकर सुटणार.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. बिरादार सर शांत होते, कारण त्यात 'ए'चा शब्द नव्हता. मी सभेचा वृत्तान्त लिहून राहिलो होतो. हे वृत्तान्तात जायला नको म्हणून मी पटकन पेनाला टोपण लावलं.

आबासाहेबांनी ते बघितलं. डोळे पुसत उठले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "व्हेरी गुड. तात्यांना बरं वाटलं असंल." ते भाषण फ्रेम करून त्यांच्या केबिनमध्ये लावलं, तात्यांच्या हार घातलेल्या फोटोच्या खाली.

आणि पोरीला मी काय बोलणार? तीन ईडियम होते, अर्थ बरोबर होते, अंडरलाइन होती. तीन मार्क दिले.

*

आता शेवटचा.

मावशीची लेक आणि जावई पुण्याला कंपनीत. नात समीक्षा मावशीपाशी. शाळेच्या व्हरांड्यात घंटेच्या खांबाशी खेळत वाढलेली. तिला पहिलीत घ्यायचं होतं. नियमात 'शिक्षकांच्या पाल्यांना' सरळ प्रवेश होता. शिपायाचं काही लिहिलंच नव्हतं. मावशीनं मे महिन्यात फॉर्म भरला, अंगठा नाही, सही केली, आणि मला म्हणाल्या, "सर, सगळ्या गावाची लेकरं मी उगी केली. माझ्या एका लेकराला बाकावर बसू द्या, येवढंच."

मुलाखतीच्या सकाळी आबासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तात्यांच्या फोटोकडं बघत म्हणाले, "सर, दोन-चार पालकांचे फोन आले. शिपायाची नात आमच्या पोराशेजारी बसणार का, असं विचारून राहिलेत. आपण नाही म्हणायचं नाही. मुलाखत घ्यायची. नियम म्हंजे नियम." मग थोडं थांबून, "आज टोपणाची घाई करू नका."

पुढं माझ्या ऑर्डरचा विषय काढला. म्हणाले, या वर्षी अजून सही व्हायची आहे.

वार बुधवार. मावशी निळी साडी नेसून आल्या, समीक्षाचा हात धरून. बाहेर रांगेत वीसेक पालक, दार उघडंच. सवयीनं मावशी चहाचा ट्रे घेऊनच आत आल्या, सगळ्यांना चहा दिला, ट्रे टेबलावर ठेवला आणि दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बसा," आबासाहेब म्हणाले. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांना अहो-जाहो केलं. "आज तुम्ही शिपाई न्हाई, पालक हायत. इंग्लिश."

मावशी खुर्चीच्या कडेवर बसल्या. माझ्या हातात पेन, उघडं.

"व्हॉट इज युवर गुड नेम?"

"माय गुड नेम इज गयाबाई, सर."

"व्हॉट आर यू?"

"आय ॲम बेल, सर. अँड टी. अँड वेन्सडे."

मॅडमनी चहाचा कप तोंडापाशी धरला आणि धरूनच ठेवला. आबासाहेबांनी माझ्या पेनाकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं.

तिसऱ्या प्रश्नाला मावशी म्हणाल्या, "फॉर चाइल्ड, सर." बच्चे के वास्ते. मला चाँदभाईंचा घाम आठवला आणि माझ्याच कपाळाला हात गेला.

आबासाहेबांनी गडबडीत डायरीची दोन पानं एकदम उलटली. "व्हॉट इज युवर एम..."

"सर," मावशी हळूच म्हणाल्या. "नंबर फोर इज लेफ्ट. डू यू स्पीक इंग्लिश ॲट होम."

आबासाहेबांनी पान मागं केलं, बघितलं, घसा साफ केला. "हां. ते."

"नो, सर," मावशी म्हणाल्या. बारा वर्षांत या प्रश्नाला 'नो' म्हणणारं मी पहिलं माणूस बघितलं. "ॲट होम नो. हिअर, ट्वेल्व्ह इयर्स, लिसनिंग." आणि लगेच, "नंबर फाइव्ह, एम. टीचर, सर. वेन्सडे ऑल्सो स्पीकिंग टीचर."

बाहेर रांगेत कुणीतरी हसलं. आबासाहेबांच्या मानेवर लाली चढली. डायरी संपली होती. ते माझ्याकडं झुकून पुटपुटले, "तुम्ही विचारा. अवघड. ईडियम विचारा."

मी विचारलं. सोपा विचारायचा होता, पण डोक्यात जो आला तो तोंडातून गेला. "व्हॉट इज द मीनिंग ऑफ 'वन्स इन अ ब्लू मून'? विथ सेंटेन्स."

मावशीनं क्षणभरही घेतला नाही. परिपाठाचा सूर जसाच्या तसा. "व्हेरी रेअरली, सर. वाक्यात उपयोग. आबासाहेब कम टु स्कूल वन्स इन अ ब्लू मून."

मॅडमच्या कपातला चहा बशीत सांडला.

आबासाहेबांना त्यातलं एकच कळलं, आपलं नाव. छाती पुढं आली. आपलं नाव इंग्लिश वाक्यात येणं म्हणजे काहीतरी थोरच असणार. त्यांच्या चेहऱ्यावरचा सकाळचा कडकपणा गेला आणि ते मोठ्या आशेनं, नेहमीसारखे, माझ्या हाताकडं बघायला लागले.

माझ्या एका हातात पेन, दुसऱ्यात टोपण. सही न झालेली ऑर्डर डोळ्यापुढं. बाहेरचे वीस पालक दारातून वाकून बघतायत. समीक्षा माझ्याकडं बघतेय.

मावशी उठल्या. पदर खोचला, रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले. मॅडमचा, आबासाहेबांचा. माझा उचलायला माझ्यापाशी आल्या.

"पालक म्हनून झालं का सायेब?" त्यांनी विचारलं. "मंग शिपाई म्हनून मराठीत बोलते."

आणि माझ्याकडं वळून, बाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा घंटेच्या आवाजात म्हणाल्या,

"सर, लावा की टोपण पेनाला. सायेब कवाचे वाट बघून राहिलेत."